रोलर ओढणारा बाळू

मुलांनो, महापे माहीत आहे का तुम्हांला? ठाण्याहून बेलापूरच्या रस्त्यानं निघालात, की घणसोली सोडल्यावर आणि कोपरखैरणे यायच्या आत डाव्या हाताला एक फाटा लागतो. त्या फाट्यानं आत वळलं की कारखान्यांच्या भिंती सुरू होतात. तेच आमचं महापे. समोर पारसिकचा डोंगर. पूर्वी इथं भातशेती होती. आगरी-कोळ्यांच्या गावांभोवती नंतर औद्योगिक वसाहत आली, मग काचेच्या इमारतींतल्या संगणकाच्या कंपन्या आल्या. आता सकाळी नऊ वाजता आमच्या रस्त्यावर बसगाड्यांची अशी रांग लागते, की शाळेत पोचेपर्यंत हजेरी निम्मी होऊन जाते.

आमच्या वर्गात सोलापूरची मुलं आहेत, जालन्याची आहेत, उत्तर प्रदेशातली आहेत, आणि जवळच्या गावांतली आगरी मुलंही आहेत. सगळ्यांना एकच वेड, ते म्हणजे क्रिकेट! कारखान्याच्या भिंतीलगत जमिनीचा एक रिकामा तुकडा आहे, तेच मैदान. आणि तुम्ही म्हणाल खेळ काय टेनिसच्या चेंडूचा, त्यात काय एवढं? तर आमच्या पट्ट्यातल्या गावांत टेनिस चेंडूच्या सामन्यांना जत्रेसारखी गर्दी होते. चांगला गोलंदाज असेल, तर दुसऱ्या गावचा संघ त्याला पैसे देऊन बोलावून नेतो.

त्यावरूनच सातवीच्या वर्गात एकदा वाद पेटला. पैसे घेऊन खेळणं चांगलं की वाईट? एक म्हणाला, "बाई, मग तो खेळाडू कसला? तो तर कामगार!" दुसरीनं लगेच ऐकवलं, "माझे बाबा कामगार आहेत. त्यात वाईट काय?" वर्ग गप्प झाला. मग मी त्यांना ज्याची गोष्ट सांगितली तो मैदानावर कामगार म्हणूनच आला होता. नाव बाळू बाबाजी पालवणकर. गोष्ट ऐकून मुलं म्हणाली, "बाई, ते मैदान दाखवा." म्हणून एका रविवारी पंधरा मुलं, तीन पालक आणि डब्यांच्या पिशव्या घेऊन आम्ही निघालो.

कोपरखैरणे स्टेशनवरून गाडी पकडायची, तुर्भे, सानपाडा करत वाशीला उतरायचं आणि तिथून हार्बरची गाडी. वाशीच्या खाडीपुलावर सगळी मुलं एकदम खिडकीकडे झुकली. त्यांतल्या चौघांनी मुंबई पहिल्यांदाच पाहिली. मानखुर्द, चेंबूर, कुर्ला, वडाळा... प्रवास चांगला लांबलचक. तेवढ्या वेळात बाळूचं लहानपण सांगून झालं. तुम्हांलाही सांगते.

बाळूचा जन्म 1876 च्या सुमारास धारवाडला झाला. घराणं मूळ कोकणातल्या पालवण गावचं, म्हणून आडनाव पालवणकर. वडील लष्करात नोकरीला होते. पुढं हे कुटुंब पुण्याला होतं. लष्करी छावणीत गोरे साहेब क्रिकेट खेळत. त्यांनी टाकून दिलेली मोडकी-तोडकी साधनं घेऊन बाळू आणि धाकटा शिवराम खेळायला शिकले. पालवणकर जातीनं चांभार. आज आपण चर्मकार समाज म्हणतो. त्या काळी त्यांना अस्पृश्य मानत. म्हणजे त्यांच्या हातचं पाणी प्यायचं नाही, त्यांना घरात घ्यायचं नाही, त्यांची सावलीसुद्धा टाळायची. हा शब्द पुस्तकात वाचताना छोटासा वाटतो. पुढं मैदानावर तो कसा दिसतो ते पाहा.

शाळा सुटली आणि बाळूला पुण्यातल्या पारशी मंडळींच्या एका क्लबात काम मिळालं. खेळपट्टी झाडायची, तिच्यावर रोलर फिरवायचा. कधीमधी सभासदांना सरावासाठी चेंडू टाकायचे. पगार महिना 3 रुपये! 1892 च्या सुमारास तो गोऱ्या लोकांच्या पूना क्लबात गेला. तिथं पगार 4 रुपये. काम तेच, शिवाय सरावाचं जाळं बांधायचं आणि टेनिसचं मैदान सांभाळायचं. तिथं एका साहेबानं त्याला सरावासाठी चेंडू टाकायला सांगितलं. बाळू डावखुरा होता. चेंडू हळू टाकायचा, पण हवेत झुलवून टाकायचा, आणि टप्पा पडल्यावर तो कुठं वळेल याचा नेम नाही! फलंदाज पुढं यावा तर चेंडू आखूड, मागं राहावा तर चेंडू पायांत.

त्या क्लबात ग्रेग नावाचा नामांकित इंग्रज फलंदाज होता. असं सांगतात, की तो इतरांच्या तासभर आधी मैदानावर येई आणि बाळूला गोलंदाजी करायला लावी. आणि प्रत्येक वेळी बाद झाला की बाळूला 8 आणे देई.

इथं आमच्या डब्यात गणिताचा तास झाला. एका रुपयाचे आणे किती? 16. म्हणजे ग्रेगसाहेबाला दोनदा बाद केलं की एक रुपया. आठदा केलं की 64 आणे, म्हणजे चार रुपये, म्हणजे एका महिन्याचा सबंध पगार! शेजारच्या बाकावरचे एक आजोबा इतके रंगले, की त्यांनीही बोटं मोजायला सुरुवात केली. आठवड्याला एकदा बाद केलं तरी महिन्याला दोन रुपये जास्तीचे, म्हणजे पगाराच्या निम्मे. विद्यार्थ्यांनो, पैसे मिळवायची ही रीत सोपी नाही हं! पट्टीच्या फलंदाजाला रोज पाहून त्याची खोड ओळखायची आणि त्याच्यासाठी नवा चेंडू शोधून काढायचा. बाळूचं शिक्षण असं झालं. फी त्यानं भरली नाही, उलट वसूल केली.

"बाई, आणि त्याला बॅटिंग?" मागून प्रश्न आला.

नाही. सरावात शेकडो तास चेंडू टाकून घेतले, पण बॅट त्याच्या हातात दिली नाही. बॅट साहेबांची. पुढं बाळूंनी हे सल म्हणून बोलूनही दाखवलं होतं.

मुंबईला छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरलो, महापालिकेची इमारत पाहिली, रस्ता ओलांडला आणि आझाद मैदानाच्या कडेला येऊन उभे राहिलो. रविवारचं आझाद मैदान तुम्ही पाहिलंय का? एका सामन्याचा क्षेत्ररक्षक दुसऱ्या सामन्याच्या पंचाशेजारी उभा असतो! कुणाचा चेंडू कुणाकडे गेला ते त्या चेंडूलाच माहीत. याच मैदानावर 1988 साली शाळेच्या हॅरिस शील्डच्या सामन्यात सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी 664 धावांची भागीदारी केली. हे सांगितल्याबरोबर मुलांनी पायांखालची माती उचलून पाहिली. एकानं ती रुमालात बांधून घेतली.

मैदानाच्या पायवाटेनं पलीकडे चालत गेलो, की दक्षिणेच्या टोकाला कुंपण लागतं. आत हिरवंगार गवत आणि त्यामागं उतरत्या छपराची जुनी, रुंद इमारत. हा बॉम्बे जिमखाना. स्थापना 1875 ची. आजही हा खासगी क्लब आहे, तेव्हा आम्ही कुंपणाबाहेरूनच पाहिलं. भारतातला पहिला कसोटी सामना इथंच झाला, 1933 च्या डिसेंबरात, आणि लाला अमरनाथांनी 118 धावा काढल्या. पण आम्ही आलो होतो त्याच्याही 27 वर्षं आधीच्या सामन्यासाठी.

तो सामना समजायचा, तर परत पुण्याला जायला हवं. पुण्याच्या हिंदू क्लबाला गोऱ्यांना हरवायचं होतं. गोऱ्यांच्या क्लबात रोलर ओढणारा पोरगा कसली गोलंदाजी टाकतो हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण तो पडला अस्पृश्य. घ्यायचा कसा? क्लबात वादावादी झाली. शेवटी जिंकायची हौस मोठी ठरली आणि बाळूला संघात घेतलं.

आता नीट ऐका. मैदानावर बाळूनं हातात घेतलेला चेंडू सगळे जण हातात घेत. चेंडूला कुणी शिवाशिव लावली नाही. पण चहाची वेळ झाली की इतर खेळाडू पॅव्हेलियनमध्ये जात, आणि बाळू बाहेर. त्यांना चहा चिनी मातीच्या कपातून, बाळूला फेकून द्यायच्या मातीच्या भांड्यातून. तोंड धुवायचं असेल तर मैदानाच्या कोपऱ्यात जायचं, आणि तिथं पाणी घालायलाही अस्पृश्य मानलेलाच नोकर. जेवण वेगळ्या ताटात, वेगळ्या जागी.

मी मुलांना कुंपणातून बोट दाखवून म्हटलं, सीमारेषा कुठं आहे बघा, आणि पॅव्हेलियनची पायरी कुठं आहे बघा. मध्ये अंतर किती? मुलांनी अंदाज बांधले. कुणी दहा पावलं म्हणालं, कुणी पंधरा. बाळू गोलंदाजीला धावत येई तेवढीसुद्धा नसतील.

"मग त्यानं खेळणं सोडलं का नाही?" जिनं वर्गात बाबांची बाजू घेतली होती, तिनं विचारलं. मी लगेच उत्तर दिलं नाही. एका पालकांनीच दिलं. ते ठेक्यावर रंगकाम करतात. ते म्हणाले, "पोरी, हातात येत असलेलं काम कुणी सोडतं का? आणि काम चांगलं येत असलं, की कधीतरी समोरच्याला बोलवावंच लागतं."

साताऱ्याची गोष्ट मुलांना फार आवडली. पुण्याचा हिंदू संघ तिथल्या गोऱ्यांच्या जिमखान्याशी खेळायला गेला. बाळूची फिरकी चालू नये म्हणून त्यांनी आठवडाभर खेळपट्टीवर रोलर फिरवून ती दगडासारखी करून ठेवली. अहो, पण रोलरनं बाळूला घाबरवायचं? त्याचा सगळा जन्म रोलरबरोबर गेलेला! त्यानं 7 बळी घेतले आणि पुणेकर जिंकले. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी बाळूचा सत्कार केला, आणि त्याच्याबरोबर खेळता येतं तर त्याच्याबरोबर जेवायलाही हरकत नसावी, असं खेळाडूंना सुनावलं.

पुढं बाळू मुंबईला आले. (आता ते मोठे झाले, तेव्हा आपणही अहोजाहो करू.) त्यांना रेल्वेत नोकरी लागली आणि परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याकडून ते खेळू लागले. धाकटा शिवरामही आला. आणि मग 1906 चा फेब्रुवारी उजाडला. हिंदूंनी युरोपियनांना सामन्याचं आव्हान दिलं. जागा हीच, बॉम्बे जिमखान्याचं मैदान. या क्लबाचं सभासद कुठल्याही हिंदी माणसाला होता येत नसे. म्हणजे गंमत पाहा, किंवा गंमत नका म्हणू, पण पाहा. साहेबाच्या पॅव्हेलियनमध्ये आपल्याला मज्जाव म्हणून ज्यांना राग येत होता, त्यांनीच आपल्या पॅव्हेलियनबाहेर बाळूंना वर्षानुवर्षं उभं केलं होतं.

हिंदूंनी पहिल्या डावात 242 धावा केल्या, युरोपियनांनी 191. दुसऱ्या डावात हिंदू 160. आता युरोपियनांना जिंकायला किती हव्यात? मुलांनी हवेतच बेरीज-वजाबाकी केली आणि उत्तर आलं 212. चुणचुणीत आहेत पोरं! साहेबांचा डाव आटोपला 102 धावांत. हिंदू 109 धावांनी जिंकले. बाळू आणि एराशा या दोघांच्या गोलंदाजीपुढं राज्यकर्त्यांची दाणादाण उडाली. पुढच्या वर्षी हिंदू पुन्हा जिंकले.

एव्हाना मुंबईच्या हिंदू खेळाडूंनी पालवणकर बंधूंना आपल्या पंगतीला बसवून घेतलं होतं. 'इंडियन सोशल रिफॉर्मर' नावाच्या त्या वेळच्या इंग्रजी साप्ताहिकानं या विजयावर लिहिताना धावांपेक्षा पंगतीलाच जास्त महत्त्व दिलं. हजारो तरुणांची मनं मोकळी करण्याचं जे काम दुसऱ्या क्षेत्रांतल्या खटपटींनी झालं नाही, ते या भावांच्या जिमखान्यातल्या प्रवेशानं झालं, असा त्या लेखाचा आशय होता. मला मात्र राहून राहून वाटतं, या पंगतीसाठी केवढे बळी घ्यावे लागले! ज्याला दहा बळी घेता येत नाहीत, त्यानं काय कायम बाहेरच चहा प्यायचा?

आझाद मैदानाच्या सावलीत डबे उघडले. कुणाची भाकरी-ठेचा, कुणाचे पराठे, कुणाच्या आईनं दिलेलं सुकटीचं कालवण. सगळं फिरलं. खाता खाता पैशांचा वाद पुन्हा निघाला, कारण तो अजून मिटला नव्हता. तेव्हा इंग्लंडची गोष्ट सांगितली. तिथं हौसेनं खेळणाऱ्याला 'जंटलमन' म्हणत आणि पैसे घेऊन खेळणाऱ्याला नुसतंच 'प्लेअर'. एकाच संघातले असूनही त्यांचे कपडे बदलायचे खण वेगळे, मैदानात यायची दारंही कित्येकदा वेगळी. हा भेद 1962 साली काढून टाकला. अमेरिकेत तर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेसबॉल हा पोट भरण्याचा धंदा झाला होता. खाणकामगारांची मुलं बेसबॉल खेळून नाव आणि पैसा कमवत होती. पण कातडी गोरी हवी! मोठ्या लीगची दारं काळ्या खेळाडूंना बंद होती. 1947 साली जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिनच्या संघातून खेळला, तेव्हा कुठं ती उघडली.

आणि आमचे बाळू? 1911 साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदुस्थानचा पहिला सर्व धर्मांचा मिळून झालेला संघ इंग्लंडला गेला. हिंदू, पारशी, मुसलमान आणि कर्णधार शीख. बाळूंचं वय तेव्हा पस्तिशीचं. संघ सामन्यामागून सामने हरत होता. लिस्टरशायरशी मात्र जिंकला, आणि त्यात बाळूंचे 11 बळी. सबंध दौऱ्यात त्यांनी 114 बळी घेतले. ज्या साहेबांच्या सरावासाठी चेंडू टाकायचा पगार 4 रुपये होता, त्यांच्या देशात जाऊन! परत आल्यावर मुंबईत दलित समाजानं त्यांचा सत्कार केला. त्या सभेचं मानपत्र एका विशीतल्या विद्यार्थ्यानं तयार केलं होतं असं सांगतात. त्याचं नाव भीमराव रामजी आंबेडकर.

डबे आवरून आम्ही मरीन लाइन्सच्या पुलावरून समुद्रावर गेलो. मरीन ड्राइव्हला रस्त्याच्या आतल्या बाजूनं जिमखाने ओळीनं उभे आहेत. पारशी जिमखाना, इस्लाम जिमखाना, हिंदू जिमखाना, कॅथलिक जिमखाना. पूर्वी मुंबईतली मोठी स्पर्धा याच धर्तीवर चाले. आधी तिरंगी, 1912 पासून चौरंगी, 1937 पासून पंचरंगी. 1946 नंतर ती बंद झाली. पाट्या वाचता वाचता आमचा एक पोरगा मला म्हणाला, "बाई, मग आपल्या वर्गाची टीम कुठल्या जिमखान्यात जाणार?" सगळे हसले. पण उत्तर कुणालाच देता आलं नाही.

हिंदू जिमखान्यासमोर थांबलो तेव्हा पुढची हकिगत सांगितली. बाळूंचे आणखी दोन धाकटे भाऊ, गणपत आणि विठ्ठल, हेही हिंदू संघाकडून खेळले. एका घरातले चौघे! बाळू इतक्या वर्षांचे, इतक्या बळींचे, पण त्यांना कर्णधार करायला समिती तयार होईना. बोलर चालेल, कर्णधार नको. 1920 साली तर बाळूंना संघातूनच वगळलं आणि भावांनाही कर्णधारपद नाकारलं. तेव्हा शिवराम आणि विठ्ठल यांनी संघातून अंग काढून घेतलं. वर्तमानपत्रांत गाजावाजा झाला. पुढच्या सामन्याला दोघे भाऊ परत आले, बाळू उपकर्णधार झाले, आणि कर्णधार पै काही वेळ मैदानाबाहेर गेले तेव्हा संघाची सूत्रं बाळूंच्या हाती आली. तेवढीच. पण 1923 साली विठ्ठल कर्णधार झाला आणि त्याच्या संघानं युरोपियनांना हरवलं. विठ्ठलरावांनी पुढं 'माझे क्रीडा-जीवन' हे आत्मचरित्र लिहिलं, ते 1948 साली निघालं. तुमच्या गावच्या वाचनालयात विचारून पाहा.

बाळूंचे पहिल्या दर्जाचे सामने 33, बळी 179, सरासरी 15.21. म्हणजे एका बळीमागे जेमतेम पंधरा धावा. ज्यांना आकडे आवडतात त्यांनी हे आजच्या गोलंदाजांशी ताडून पाहावं.

ते पुढं राजकारणात गेले. 1937 च्या निवडणुकीत ते काँग्रेसतर्फे डॉ. आंबेडकरांच्याविरुद्ध उभे राहिले आणि हरले. मतांचा फरक होता 2020. मुलांना हे पटेना. "सत्कार करणाऱ्याच्याच विरुद्ध?" हो. दोघांची वाट वेगळी होती आणि दोघांनीही ती उघडपणे मांडली. मोठी माणसं सगळी एकाच बाजूला उभी असतात असं थोडंच आहे! बाळू 4 जुलै 1955 रोजी वारले.

ऊन कलायला लागलं होतं. चर्नी रोडला धीमी गाडी पकडून प्रभादेवीला उतरलो. तिथं पश्चिमेला, वीर सावरकर मार्गाला लागून एक रस्ता आहे. पत्त्यांत आणि दुकानांच्या पाट्यांवर त्याचं नाव 'पी. बाळू मार्ग' असं लिहितात. दोघा-तिघांना आम्ही विचारलं, हे बाळू कोण? एक म्हणाले, कुणी नगरसेवक असतील. एका वडापाववाल्यानं मात्र "क्रिकेटवाले होते ना?" म्हटलं, आणि आमच्या पंधराजणांनी असा जल्लोष केला की बिचारा दचकला!

"बाई, पी म्हणजे त्यांच्या वडिलांचं नाव?" एकीनं वही काढत विचारलं.

मी म्हटलं, नाही. वडील बाबाजी. पी म्हणजे पालवणकर. जुन्या धावफलकांवर आडनावाचं पहिलं अक्षर आधी लिहीत, तेच रस्त्यावर आलं.

तिनं पाटीसमोर उभं राहून वहीत सगळं नाव लिहिलं, बाळू बाबाजी पालवणकर, आणि वहीचं ते पान वडापाववाल्याला नेऊन दाखवलं. त्यानं हात पुसले, पान हातात घेतलं आणि मोठ्यानं वाचलं.